खेकड्याच्या बिळापाशी

दुसऱ्या मुलाचा ग्राफ खराब आला तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. तिसऱ्याचा हुबेहूब तसाच आला, मग चौथ्याचा, मग ठकीचा. तेव्हा मात्र मी पेन खाली ठेवलं आणि शाळेच्या खिडकीतून डोंगराकडं बघत बसले.

काही अडलं की मी अशी बाहेर बघत बसते. नोकरीत असताना यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली. आता निवृत्त झाल्यावर बोलणारं कुणी नाही, पण अडतही काही नाही, त्यामुळं त्यातली मजा गेली.

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते मोजणारी. कानाचं ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे. शहरातल्या आमच्या हॉस्पिटलात माझी एक साउंडप्रूफ खोली होती. भिंतींना जाड अस्तर, दाराला दुहेरी फळी. दार लावलं की बाहेरचं सगळं औरंगाबाद विझायचं. जालना रोडवरचे ट्रक, ओपीडीतली भांडणं, भोंगे, काही उरायचं नाही. पेशंट येईपर्यंत मी तिथं एकटी बसून राहायचे. इतकी शांतता, की थोड्या वेळानं स्वतःचं रक्त कानात वाहताना ऐकू यायचं. मला ती खोली फार आवडायची. घरचे म्हणायचे, पगार घेऊन झोपा काढतेस.

त्या ऑक्टोबरात ती खोली सोडून कॅम्पला जायची पाळी आली. अजिंठ्याच्या पुढं, डोंगराच्या आतल्या अंगाला भिल्लांची एक वस्ती आहे. पाऊस नुकताच उघडून गेला होता. डोंगर अजून हिरवे, वर ऊन मात्र कडक, आणि त्या दोन्हींच्या मधे एक पातळ धुकट वाफ दिवसभर तरंगत असायची. माणसं, शेळ्या, झाडं सगळं त्या वाफेतून जरा हलल्यासारखं दिसायचं. मला तर जीपमधून उतरल्यापासून आपण अर्धवट झोपेत आहोत असंच वाटत होतं.

अशा लांबच्या वस्त्यांवर लहान मुलांचे कान फार वाहतात. सर्दी होते, ती घशामागून कानात उतरते, पडद्याच्या मागं पू साठतो आणि एक दिवस पडदा फुटतो. दवाखाना लांब, म्हणून घरी तेल घालतात. कान पुन्हा पुन्हा वाहतो आणि मूल हळूहळू ऐकेनासं होतं. हळूहळू होतं म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही. शाळेत ते ढ ठरतं आणि घरात हट्टी.

आमची कामाची पद्धत साधी होती. एकखोली शाळेत मी मशिन मांडायचं. मशिन म्हणजे सूटकेसएवढी पेटी, तिला हेडफोन. मी बटण दाबलं की मुलाच्या कानात 'पिंऽ' असा आवाज जातो. आवाज आला की मुलानं हात वर करायचा. मग मी आवाज कमी करत जायचं. अगदी बारीक आवाजालाही हात वर झाला तर कान चांगले. मोठ्या आवाजालाच झाला तर कमी ऐकू येतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला बाहेर लिंबाखाली बसलेल्या डॉक्टरांकडं पाठवायचं. पास झालेल्याला राजगिऱ्याचा लाडू देऊन मोकळं करायचं.

डॉक्टर म्हणजे कादरी सर. कान-नाक-घशाचे सर्जन, आमचे बॉस. मराठी झकास बोलायचे, पण चिडले की दखनीवर घसरायचे. त्यामुळं त्यांचा मूड ओळखायला कधी त्रास पडला नाही.

सकाळी सगळ्यांत पहिली आली मंगली. सात-आठ वर्षांची, तेल लावून चापून बसवलेले केस, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. कापूस काढला तर लसणाचा भपकारा आला. वस्तीतल्या सगळ्याच आयांनी, डॉक्टर येणार म्हणून, मुलांच्या कानांत लसूण घालून उकळलेलं तेल सोडलं होतं. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं तसं.

मुलाला माझा हात दिसू नये म्हणून मी मुलांना समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसवत होते. मी त्यांच्या मागं, जरा बाजूला; माझ्या पाठीशी शाळेचं दार, त्यातून सकाळचं ऊन आत आलेलं. मंगली भिंतीकडं बघत बसली आणि दर आवाजाला टपकन हात वर करत गेली. मोठ्या आवाजाला, मधल्या आवाजाला, अगदी मला स्वतःला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजालाही. एकदाही चुकली नाही. मला इतका आनंद झाला की दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला, सारजाबाईंना, मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, "शाब्बास हो तुमची लेक! काय कान आहेत!"

सारजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. बाकीच्या बायांनी आपापल्या मुलांकडं बघितलं.

आणि मग बाकीची मुलं एकामागून एक नापास होत गेली. सगळ्यांचं एकच. मोठ्या आवाजाला हात वर. आवाज बारीक केला की हात मांडीवर आणि मूल पुतळ्यासारखं. ठकी तर, मंगलीची चुलत बहीण, समोरचे दोन दात पडलेली, तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू, तीसुद्धा बारीक आवाजाला डोळे मिटून श्वास रोखून बसली. मी तिच्या आईला म्हटलं, हिला जरा कमी ऐकू येतं, सरांकडं न्या. ठकीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिची शेळी चोरली होती.

दुपारी कादरी सर उठून आत आले.

"क्या मॅडम, पूरी बस्ती बहरी कर डाले तुम?"

"सर, ग्राफच तसे आहेत."

"अहो, कान मी बघतोय ना! दोघा-तिघांचे वाहतात, ते कळलं. बाकीच्यांचे पडदे एकदम चकाचक. त्यांना कायकू कम सुनाई देता?"

"मशिन मी स्वतःच्या कानाला लावून बघितलं. चांगलं आहे. शिवाय मशिन बिघडलं असतं तर मंगली कशी पास झाली असती?"

त्यांनी उगाच हेडफोन उचलला, उलटसुलट केला आणि नाकाजवळ नेला.

"ये बास कायकी?"

"लसणाची. सगळ्यांच्या कानांत तेल आहे."

"लसणाच्या खाली. नीट वास घ्या."

मी घेतला. लसणाच्या खाली खरंच दुसरा वास होता. माळ्यावर उंदीर मेल्यावर येतो तसा. दर मुलानंतर मी स्पिरिटनं पुसत होते, तरी हेडफोनच्या गादीच्या फटीत तो राहिला होता.

हा वास आमच्या धंद्यात सगळे ओळखतात. साध्या वाहत्या कानाला फारसा वास नसतो. हा दुसऱ्याच दुखण्याचा. पडद्याच्या कडेनं कातडी आत शिरते, तिथं तिची गाठ होते आणि ती गाठ आजूबाजूचं हाड खात जाते. कानाच्या वरच्या बाजूला हाडाचा एक पातळसा पापुद्रा असतो आणि त्याच्या पलीकडं मेंदू. कोलेस्टिएटोमा असं त्याचं लांबलचक नाव आहे. आम्ही नुसतं 'वाईट कान' म्हणायचो. दुखत फारसं नाही, म्हणून जास्त वाईट.

"मी तपासलेल्या एकाही मुलाला हा वास नाही," सर म्हणाले. ते आता स्वच्छ मराठीत बोलत होते. म्हणजे राग संपला होता आणि भीती सुरू झाली होती. "तुम्ही माझ्याकडं कोणाला पाठवलं नाही?"

"एकटी मंगली. पण सर, तिचा ग्राफ…"

"ग्राफ राहू द्या. पोरगी आणा. ऊन उतरायच्या आत आपल्याला निघायचंय. उद्या माझी ऑपरेशनं आहेत. आणि इथं परत यायचं म्हणजे पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षीपर्यंत तो पापुद्रा टिकेल की नाही, कुणास ठाऊक. मी तिला शोधायला निघाले.

मंगली ओढ्यावर होती. सगळीच पोरं ओढ्यावर होती. वस्तीच्या खाली पाणी दगडांतून गुपचूप वाहत होतं, तेरड्याची फुलं काठावर माजली होती आणि चतुर एकाच जागी लटकल्यासारखे उडत होते. पोरं काठाला ओळीनं उकिडवी बसलेली. प्रत्येकापुढं मातीत एक बीळ, हातात दोरी, दोरीच्या टोकाला गांडूळ. खेकडे धरायचं काम चाललं होतं. मी हाक मारणार तेवढ्यात ठकीनं मागं न बघता हाताचा पंजा दाखवला. थांबा. मी मुकाट्यानं तिच्याशेजारी बसले.

मला वाटतं, माझ्या साउंडप्रूफ खोलीनंतर तेवढी शांतता मी तिथंच अनुभवली. वारा पडला होता. वाफ पाण्यावर उतरली होती. बसल्या बसल्या मला पेंग यायला लागली. तेवढ्यात बिळाच्या आत खोल कुठंतरी खरखर झाली. इतकी बारीक, की मला आधी ती स्वतःच्या कानातलीच वाटली. पण ठकीनं ती ऐकली. ती जागच्या जागी गोठली. डोळे मिटले, श्वास रोखला. तिच्या पलीकडची दोन पोरंही, त्यांच्या बिळाचा आवाज नसताना, गोठली.

हा चेहरा मी सकाळी हेडफोनखाली बघितला होता.

खरखर वाढत गेली, जवळ आली, आणि ठकीचा हात सुर्रकन गेला. बाहेर आला तो खेकडा घेऊनच.

"ठके," मी विचारलं, "आवाज आधीच आला होता ना? मग तेव्हाच का नाही धरलास?"

"बारीक हाय तवर हलायचं नसतंय, बाई. त्यो आत आसतोय. आपुन हाललं की पळतोय. मोठा झाला की समजायचं वर आला, मंग धरायचा."

"आणि सकाळी? शाळेत, कानाला लावलं होतं तेव्हा?"

"तवाबी तसंच केलं की. तुमचा लई बारीक व्हता. वर आलाच नाय." मग सकाळचं आठवून ती फुरंगटली. "आन् तुमी मला बहिरी म्हनल्या."

मला एवढं हसू आलं की दोन-तीन खेकडे माझ्यामुळं नक्की पळाले असतील. इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले, बारीक आवाज आला तरी हात वर करा. इथली मुलं चालायला लागल्यापासून नेमकं उलटं शिकलेली. ते दोन-तीन वाहते कान सोडले तर माझी सगळी नापास मुलं ठणठणीत ऐकत होती.

मग माझं हसू थांबलं. बारीक आवाजाला हात वर करणारी वस्तीत एकटीच होती.

ती जरा लांब, एका काळ्या दगडावर बसली होती. दोरी बोटाला गुंडाळलेली, नजर बिळावर. मी हाक मारली, "मंगली!" ती हलली नाही.

"तिला नका हाका मारू," ठकी म्हणाली. "खेकड्यापाशी आसली की ती ओ देत नाय. पर दोरीला लागल्यालं तिला पयलं कळतंय."

मी मागून चालत गेले. पायाखाली वाळका पाला वाजत होता. अगदी जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. काही नाही. मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं, माझी सावली तिच्या हातावर पडली, आणि मंगली चटकन वळली. मला बघून गोड हसली आणि तिनं हात वर केला. सकाळी शाळेत करत होती तसा, टपकन.

सकाळची शाळा माझ्या डोळ्यांपुढं आली. माझ्या पाठीशी उघडं दार, आत आलेलं ऊन, समोर चुन्याची भिंत. मी बटण दाबलं की कोपर हलायचं, आणि भिंतीवर माझी भलीमोठी सावली हलायची. पोरगी सावलीला हात वर करत होती. बाईंना हात वर झालेला आवडतो, एवढं तिला पहिल्याच खेपेला कळलं होतं. मी तिच्याशेजारी दगडावर बसले. तेव्हा तो वासही आला.

शाळेत परत आल्यावर मी आधी दार लावलं. पोरांना सांगितलं, हा खेकडा उलट्या डोक्याचा आहे, बारीक वाजला की लगेच धरायचा, मोठा झाला की पळतो. पोरांना ते भलतंच आवडलं. हात सपासप वर व्हायला लागले आणि ग्राफ एकेक करत जागेवर आले. सर म्हणाले, "चलो, बस्ती सुनने लगी." ठकीनं पास झाल्याचा लाडू तर घेतलाच, सकाळच्या अपमानाचा आणखी एक मागून घेतला.

मंगलीचे मात्र दोन्ही कान अधू निघाले, उजवा जास्त. सरांनी उजव्या कानात बराच वेळ बघितलं आणि दुर्बीण खाली ठेवली. "हाच," ते म्हणाले. "ऑपरेशन लागेल. लवकर. शहरात."

सारजाबाईंचा चेहरा दगड झाला.

"सकाळच्याला तुमीच म्हनल्या ना, शाब्बास म्हून? समद्या वस्तीनं ऐकलं. आन् आता कान कापायचा म्हनता?"

सर समजावू लागले. कान आतून सडतोय, हाड जातंय, उशीर केला तर डोक्यात जाईल.

"वाहतंय ते वाहू द्यावं, डॉक्टरसाहेब. घान भाईर जाती. बंद केलं की डोस्क्यात चढती, हे आमाला बी ठावं हाय. आन् बहिरी कशी आसल? घरात हाक मारली की पळत येती."

सर माझ्याकडं बघत होते. जीपवाला उन्हाकडं बघत होता. सारजाबाईंचं चूक नव्हतं. ज्या बाईनं सकाळी एक सांगितलं आणि दुपारी दुसरं, तिच्यावर विश्वास ठेवून कुणी लेकीचा कान का कापून घ्यावा? मशिन, ग्राफ, दुर्बीण यांतलं काही आता चालणार नव्हतं.

"सारजाबाई, मशिन राहू द्या," मी म्हटलं. "तुम्हीच हाक मारून बघा. फक्त मी सांगते तिथं उभ्या राहा."

मंगली परत तिच्या दगडावर जाऊन बसली होती, कलत्या उन्हाकडं तोंड करून. मी सारजाबाईंना तिच्या पाठीमागं उभं केलं. दोघींच्या सावल्या मागं पडत होत्या. पुढं ओढा, ऊन आणि वाफ.

"मंगले," त्यांनी हाक मारली. घरात मारतात तशी.

पाणी वाहत राहिलं.

"मंगले, ए मंगले!" मग जरा पुढं होऊन, "आगं माय, हिकडं बघ की!"

मंगली दोरी बोटानं हळूच चाळवत होती. सारजाबाई पुढं पुढं जात राहिल्या, हाक मारत राहिल्या. शेवटी तिच्या मानेवर श्वास लागेल एवढं जवळ जाऊन त्या ओरडल्या, तेव्हा मंगली वळली. आणि आईला बघून हसली, जणू पहिल्याच हाकेला ओ देत होती.

सारजाबाई तिथंच ओल्या मातीत बसल्या.

"मंग घरात कशी येती?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्याकडं बघत असते म्हणून. तुमचं तोंड हललं की तिला कळतं."

"सारखी?"

"दिवसभर."

त्या तिथंच बसून मंगलीचे केस नुसते मागं सारत राहिल्या.

"मला वाटायचं, लई मायाळू हाय लेकरू," त्या म्हणाल्या. "बाकीची पोरं भाईर हुंदडत्यात, आन् ही आपली माझ्या तोंडाकडं बघत बसती."

मला रडू आलं. कॅम्पला गेलेल्या बाईनं रडू नये, पण आलं.

सारजाबाई उठल्या, लुगड्याची माती झटकली. "जीप कवा निघती?" त्यांनी विचारलं. मंगलीचा बाप विहिरीच्या कामावर होता, त्याला निरोप धाडला आणि दोघी मायलेकी त्याच जीपमधून आमच्याबरोबर आल्या. ठकीनं बहिणीला वाटेत खायला म्हणून फडक्यात बांधून चार खेकडे दिले. सिल्लोडच्या अलीकडं त्यातला एक सुटला. सर दोन्ही पाय सीटवर घेऊन बसले आणि औरंगाबादपर्यंत एक शब्दही मराठीत बोलले नाहीत.

ऑपरेशनला उशीर झाला नव्हता, पण झालाच असता. सरांनी बाहेर येऊन सांगितलं की पापुद्रा कांद्याच्या सालीएवढा उरला होता. उजवा कान सुका झाला, जीव वाचला, पण त्या कानाचं ऐकणं परत आलं नाही. अशा ऑपरेशनात आधी माणूस वाचवायचा असतो, ऐकणं नंतर. डाव्या कानाचं दुखणं साधं होतं. तो सुकवून पुढच्या उन्हाळ्यात सरांनी त्याला नवा पडदा बसवला.

तो भरून आल्यावर मंगली माझ्या साउंडप्रूफ खोलीत तपासणीला आली. मी काचेच्या अलीकडं, ती पलीकडं. तिथं ऊन नाही, सावली नाही. मी डाव्या कानात आवाज सोडला. हात वर. कमी केला. हात वर. आणखी कमी केला, आणि हात वर आला नाही.

मी थांबले. एवढंच का? एवढ्यासाठी पोरीला दोनदा टेबलावर घेतलं?

मग मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मंगली गोठली होती. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. मी आवाज बंद केला. तिनं श्वास सोडला, डोळे उघडले, आवाज कुठं गेला म्हणून इकडंतिकडं पाहिलं. मी पुन्हा सोडला, सगळ्यांत बारीक. ती पुन्हा गोठली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आतला खेकडा ऐकू येत होता, आणि ती तो पळू नये म्हणून हलत नव्हती.

माझ्या पाठीशी सारजाबाई उभ्या होत्या. "ऐकती का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ऐकतीय. हलू नका."

आम्ही दोघी तशाच, न हलता, कितीतरी वेळ बघत राहिलो. मग मी ग्राफवर ऐकू आल्याची खूण केली. नियमाप्रमाणं हात वर झाल्याशिवाय ती करता येत नाही. हात वर झाला म्हणजे ऐकलं आणि नाही झाला म्हणजे नाही ऐकलं, असं आमच्या पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी खेकडे धरले नसावेत.